आठवड्याची हजेरी कशी मांडायची? रविवारच्या अर्ध्या तासाची पद्धत, पहिल्यांदा करणाऱ्यांसाठी

आमच्या किचनमध्ये फ्रिजच्या बाजूला कालनिर्णय लटकवलेलं असतं, तुमच्याकडेही असणारच. त्यावर पेनाने काय काय लिहिलेलं असतं ते आठवून बघा. सिलिंडर कधी लावला, दूध कधी जास्त घेतलं, आणि कामाच्या मावशींचे खाडे. ५ तारखेला खाडा, १२ ला खाडा, २३ ला अर्धा दिवस. माझी आई असंच मांडायची, मी पण तेच करत आले, आणि दोनेक वर्षांपूर्वी जूनच्या शेवटी पगाराचा हिशोब करायला ते पान बघितलं तेव्हा जरा थांबलेच. महिना तीस दिवसांचा, खाडे अडीच, म्हणजे मावशी साडेसत्तावीस दिवस आल्या होत्या, त्यातले कितीतरी दिवस धो धो पाऊस होता, आणि त्याची पानावर एका टिंबाएवढीही खूण नव्हती. खूण होती ती फक्त न आल्याची.

तेव्हा वाटलं की अरे, मी माझ्या स्वतःच्या आठवड्याचं पण हेच करते. रविवारी आईचा फोन येतो, "कसा गेला गं आठवडा?" आणि मी म्हणते, "विचारू नकोस." मग बुधवारी ठाण्याच्या घोडबंदर रोडला दीड तास अडकलो ते सांगते, गुरुवारी कामात चूक निघाली ते सांगते, शुक्रवारी डोळ्यासमोरून गाडी गेली ते सांगते. तीन खाडे सांगून झाले की फोन ठेवते. उरलेल्या दिवसांत काय झालं? खरंच आठवत नाही.

त्या रविवारपासून मी आठवड्याची हजेरी मांडायला लागले. हळूहळू पद्धत बसत गेली, काही गोष्टी चुकल्या, काही सोडून दिल्या, आणि ऑफिसातल्या दोघी-तिघींना शिकवताना कळलं की नवीन माणूस कुठे अडकतो. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय. याला अर्धा तास लागतो, एक वही लागते, बाकी काही नाही.

एक गोष्ट आधीच सांगते, कारण "पॉझिटिव्ह" शब्द ऐकला की बरेच जण तिथेच वाचायचं थांबतात. वाईट झालेलं विसरा, हसत राहा, असलं काही मी सांगणार नाहीये. खाडे झाले तर ते मांडायचेच. फक्त हजेरीही मांडायची, कारण ती पण तेवढीच खरी आहे.

वाईटच का लक्षात राहतं

हे थोडक्यात सांगते. आपण रडके आहोत म्हणून असं होतं असं समजू नका, माणसाचा स्वभावच तसा आहे. रॉय बाउमाइस्टर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने २००१ साली सहकाऱ्यांबरोबर या विषयावरचा बराच अभ्यास एकत्र करून मांडला, त्यात असं दिसलं की नाती असोत, शिकणं असो, कोणाबद्दल मत बनवणं असो, वाईट अनुभवाचा ठसा तेवढ्याच चांगल्या अनुभवापेक्षा खोल उमटतो. म्हणजे पाच जणांनी प्रेझेंटेशन छान झालं म्हटलं आणि एकाने नाक मुरडलं तर रात्री झोपताना तो एकच आठवतो. चांगलं आपोआप वर येत नाही, ते हाताने शोधून काढावं लागतं, एवढं समजलं की पुढच्या सगळ्या पायऱ्यांचा अर्थ लागतो.

पायरी पहिली: वेळ अडवून ठेवा

मध्य रेल्वेवाल्यांना रविवारचा मेगाब्लॉक नवीन नाही. गाड्या उशिरा, गर्दी, चिडचिड सगळं होतं, पण रुळांची देखभाल करायला तेवढे तास काढावेच लागतात. मी घरात माझ्या अर्ध्या तासाला 'माझा ब्लॉक' म्हणते आणि आता मुलगा पण म्हणतो, "आईचा ब्लॉक चालू आहे, नंतर विचार."

माझी वेळ रविवारी सकाळी पोहे खाऊन झाले की कुकर लावायच्या आधी. आधी मी रविवारी रात्री बसायचे आणि ते माझ्यासाठी चुकीचं निघालं, कारण रात्री नऊनंतर डोक्यात सोमवार सुरू झालेला असतो, युनिफॉर्म इस्त्री करायचाय, डब्याला काय द्यायचं, सकाळी मीटिंग किती वाजता, आणि त्या मूडमध्ये मागचा आठवडा बघितला की तो आहे त्यापेक्षा काळाच दिसतो. ज्यांची सुट्टी रविवारी नसते, मॉलमध्ये, हॉस्पिटलमध्ये, दुकानात काम करणारे, त्यांनी आपल्या सुट्टीच्या दिवशी सकाळी करावं. वार कुठलाही चालेल, पण दर आठवड्याला तोच असू दे.

जागेचं म्हणाल तर घरात शांतता मिळत नसेल तर सरळ बाहेर पडा. ठाण्यात तलावांची कमी नाही. माझी एक मैत्रीण कचराळी तलावाला दोन फेऱ्या मारून तिथेच बाकावर बसून लिहिते, तलावपाळीला सकाळी लवकर गेलात तर तिथेही जागा मिळते, संध्याकाळी मात्र विसरा. उपवनला गेलात तर समोर येऊरचा डोंगर, पावसाळ्यात तिथे अर्ध्याचा एक तास कधी होतो कळत नाही.

पायरी दुसरी: वही

साधी शंभर पानी वही. महागाची डायरी घेऊ नका, त्यात अक्षर चांगलं यायला पाहिजे, वाक्य चांगलं व्हायला पाहिजे असं दडपण येतं. फोनवर लिहू नका असं मी म्हणेन, कारण फोन उघडला की ग्रुपवरचे चाळीस मेसेज दिसतात आणि ब्लॉक तिथेच संपतो. प्रत्येक रविवारी एक पान, वर तारीख. बस.

पायरी तिसरी: आधी पुरावे गोळा करा

नव्वद टक्के लोक हीच पायरी गाळतात असं मला वाटतं, आणि मग "मला काही चांगलं आठवतच नाही" म्हणून सोडून देतात. अहो, आठवणार नाहीच! आठवणीवर सोडलं तर खाडेच आठवतील, आत्ताच बोललो ना त्यावर. म्हणून लिहायला बसायच्या आधी दहा मिनिटं फक्त पुरावे बघायचे. इथे फोन चालतो, पण तेवढी दहा मिनिटंच, नंतर तो दुसऱ्या खोलीत ठेवायचा.

काय काय बघायचं? फोनची गॅलरी, मागचे सात दिवस. कॉल लॉग, कोणाशी किती वेळ बोललो. ऑफिसचं कॅलेंडर. आणि माझं सगळ्यात आवडतं, गुगल पे किंवा फोनपे जे वापरत असाल त्याची हिस्टरी. त्यात आठवडाच उतरलेला असतो.

मागच्याच्या मागच्या आठवड्याचं उदाहरण देते. मला विचाराल तर मंगळवार माझ्यासाठी कोरा होता, काहीच आठवत नव्हतं, "नेहमीसारखा" असं लिहिणार होते. हिस्टरीत दिसलं, मंगळवार, संध्याकाळी ७ वाजून १२ मिनिटं, ४० रुपये. दोन वडापाव. मी एकटी असले की एकच घेते, मग दुसरा कोणासाठी? आणि मग सगळं धाडकन आठवलं. ऐरोलीहून येताना ट्रान्स हार्बरच्या लोकलला लेडीज डब्यात एक मुलगी शेजारी बसलेली, नवीन नोकरी, पहिलाच आठवडा, ठाण्याला उतरून पुढे बदलापूरला जायचं होतं, आणि फोनची बॅटरी संपलेली म्हणून घरी कळवता येत नव्हतं. मी माझ्या फोनवरून तिच्या आईला फोन लावून दिला. उतरल्यावर म्हणाली, "ताई, सकाळपासून काही खाल्लं नाहीये." मग स्टेशनबाहेर दोघींनी उभ्यानेच वडापाव खाल्ला, हिरवी मिरची तिने माझी पण घेतली. दहा मिनिटांचा प्रकार. ती आई फोनवर तीनदा "देव तुमचं भलं करो" म्हणाली होती आणि हे सगळं पाच दिवसांत माझ्या डोक्यातून पूर्ण पुसलं गेलं होतं, चाळीस रुपयांची ती ओळ नसती तर कायमचं गेलं असतं.

म्हणून सांगते, ही पायरी गाळू नका. रोख पैसे वापरणाऱ्यांनी घरात कोणाला तरी विचारावं, "मंगळवारी आपण काय केलं गं?" दोघांच्या आठवणी मिळून दिवस पुरा होतो.

पायरी चौथी: सात दिवस, सात ओळी

आता वहीत सोमवार ते रविवार वार लिहा आणि प्रत्येकापुढे एक ओळ. चांगली-वाईट बघायची नाही, जे झालं ते. "सोम: मुलाची शाळेची मीटिंग, उशिरा पोचले. मंगळ: बदलापूरची मुलगी. बुध: ट्रॅफिक, कापूरबावडीला पाऊण तास, पण आईशी निवांत बोलले." अशा तुटक ओळी चालतात. व्याकरण कोण बघतंय.

एखादी ओळ खरंच कोरी राहिली तर राहू द्या. पण चार-पाच आठवडे झाले की आपोआप ओळी भरायला लागतात, कारण आठवड्यात एखादी गोष्ट घडत असतानाच डोकं म्हणतं, ही रविवारची ओळ.

पायरी पाचवी: तीन गोष्टी, आणि प्रत्येकीपुढे 'कशामुळे'

सात ओळींमधून तीन चांगल्या गोष्टी निवडायच्या. आणि प्रत्येकीपुढे बाण काढून लिहायचं, कशामुळे झाली.

हा 'कशामुळे' माझा नाही. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन आणि त्यांच्या टीमने २००५ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला, त्यात लोकांना एक आठवडाभर रोज रात्री त्या दिवसाच्या तीन चांगल्या गोष्टी लिहायला सांगितल्या होत्या, आणि सोबत प्रत्येक गोष्ट का घडली तेही. आठवडा एकच, पण पुढे सहा महिन्यांपर्यंत त्या लोकांना आधीपेक्षा बरं वाटत होतं, उदासपणा कमी होता, आणि ज्यांनी स्वतःहून पुढेही चालू ठेवलं त्यांना जास्त फायदा झाला. मी रोजच्या ऐवजी आठवड्यातून एकदा करते, त्याचं कारण खाली येईल.

'कशामुळे' का महत्त्वाचं ते मला लिहिता लिहिता कळलं. नुसतं "रिपोर्ट वेळेत गेला" लिहिलं तर ती लॉटरी लागल्यासारखी गोष्ट वाटते, लागली एकदा, परत लागेल की नाही माहीत नाही. पुढे बाण काढला आणि लिहिलं, "कारण सोमवारीच मी आकडे मागून ठेवले होते, आणि शेजारच्या टेबलवरच्या दादांनी जेवणाच्या सुट्टीत बसून तपासून दिले." आता त्यात दोन माणसं दिसतात, एक मी आणि एक ते दादा. माझं काय बरोबर चाललंय ते कळलं, आणि कोणाचे उपकार आहेत ते पण कळलं.

नवीन लोकांचं पहिलं पान साधारण असं असतं: "फॅमिली चांगली आहे. तब्येत चांगली आहे. नोकरी आहे." हे खरं आहे, पण पुढच्या रविवारी पण हेच लिहाल, त्याच्या पुढच्या पण, आणि तिसऱ्या आठवड्यात वही कपाटात जाईल. त्याऐवजी बारीक लिहा. "फॅमिली चांगली" म्हणजे नक्की काय झालं? "शनिवारी मी झोपले होते तर नवऱ्याने आवाज न करता भांडी लावली आणि मुलाला घेऊन खाली गेला, मला सव्वा तास सलग झोप मिळाली." हं, आता कसं डोळ्यासमोर आलं. वार, माणूस, वस्तू, आकडा, यातलं काहीतरी एक वाक्यात पाहिजेच.

"पण माझ्या आठवड्यात लिहिण्यासारखं मोठं काही होतच नाही" असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी. तेरेसा अमाबिले आणि स्टीव्हन क्रेमर या संशोधकांनी ७ कंपन्यांमधल्या २३८ लोकांच्या रोजच्या डायऱ्या तपासल्या, जवळजवळ १२,००० नोंदी, आणि त्यात कामावरचा दिवस चांगला जायला सगळ्यात जास्त कारणीभूत काय निघालं तर आपल्याला महत्त्वाच्या वाटणाऱ्या कामात थोडं पुढे सरकणं. बढती नाही, बक्षीस नाही. थोडं पुढे सरकणं. एक्सेलचा अडलेला फॉर्म्युला सुटला, बँकेचं केवायसी एकदाचं झालं, मुलाला वजाबाकीतला हातचा कळला, चालतं हे सगळं.

पायरी सहावी: बिघडलं त्याचं काय

एकच गोष्ट निवडा, सगळ्यात जास्त टोचलेली, आणि तीनच ओळी लिहा. काय झालं, त्यात माझ्या हातात काय होतं, आणि त्यात काय सावरलं गेलं.

तीन ओळींची मर्यादा मी मुद्दाम घातली आहे. आधी मी यावर दोन-दोन पानं लिहायचे आणि उठताना डोकं जास्त जड व्हायचं. तीन ओळीत मावत नसेल तर ती गोष्ट वहीची नाही, ती कोणाशी तरी बोलायची आहे, मैत्रिणीशी, बहिणीशी.

उदाहरण देते. "गुरुवारी सरांनी सगळ्यांसमोर चूक काढली. माझ्या हातात होतं: पाठवायच्या आधी एकदा प्रिंट काढून बघणं. सावरलं: मी तिथे उलट बोलले नाही, आणि दुपारपर्यंत दुरुस्त करून पाठवलं." तिसरी ओळ लिहिताना सुरुवातीला हात थांबतो, काहीच सावरलं नाही असं वाटतं. पाच मिनिटं द्या, बहुतेक वेळा काहीतरी सापडतं. नाही सापडलं तर तसं लिहा, खोटं काही घालू नका. एकदा खोटं लिहिलं की त्या पानावरच्या बाकीच्या ओळींवरचा पण आपला विश्वास जातो.

पायरी सातवी: एका माणसाला सांगायचं

तीन गोष्टींच्या 'कशामुळे'मध्ये कोणी ना कोणी माणूस येतोच. त्यातल्या एकाला त्याच दिवशी सांगायचं. इथे आपल्याकडे एक अडचण होते, घरच्या माणसांना थँक्यू म्हणायची आपल्याला सवय नाही, आईला "धन्यवाद" म्हटलं तर ती म्हणेल, "बरं वाटतंय ना तुला?" मग ते शब्द वापरूच नका. झालेली गोष्ट सांगा, नेमकी.

"आई, बुधवारी तू पाठवलेली भरली वांगी ऑफिसात चौघींनी मागून खाल्ली, मला एकच उरलं." एवढंच. आईला जे कळायचं ते कळतं, आणि पुढच्या वेळी डबा मोठा येतो. शेजारच्या टेबलवरच्या दादांना मेसेज केला, "दादा, सोमवारी तुम्ही जेवण सोडून आकडे बघितलेत म्हणून रिपोर्ट वेळेत गेला." त्यांचं उत्तर आलं, "अहो त्यात काय," आणि दुसऱ्या दिवशी चहाला स्वतःहून बोलवायला आले.

मावशींना मी पगार देतानाच सांगितलं होतं त्या जूनमध्ये, "मावशी, पावसात साडेसत्तावीस दिवस आलात तुम्ही." त्या जरा बावचळल्या, त्यांना वाटलं अडीच दिवसांचे पैसे कापणार म्हणून मी बोलतेय. मला फार वाईट वाटलं तेव्हा. म्हणजे इतकी वर्षं आकडा फक्त कापण्यासाठीच निघत होता. मग नीट सांगितलं, पैसे पूर्ण दिले, आणि तेव्हापासून खाडे कापणं बंद केलं ते आजपर्यंत.

पायरी आठवी: पुढच्या आठवड्यासाठी एकच

'कशामुळे'कडे परत बघा आणि त्यातलं एक असं निवडा जे तुम्ही मुद्दाम परत करू शकता. नवीन संकल्प नको, जे या आठवड्यात चाललं तेच. "आकडे सोमवारीच मागायचे." "ट्रॅफिकमध्ये अडकले की आईला फोन." पानाच्या तळाला लिहा, चौकोन करा, आणि पुढच्या रविवारी आधी तोच चौकोन बघा. झालं असेल तर टिक, नसेल झालं तर नाही झालं, पुढे चला.

रोज का नाही

बरेच जण जोशात रोज करायला लागतात. सोन्या ल्युबोमिर्स्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली एक गोष्ट मांडली होती ती मला फार पटते. सहा आठवडे काही विद्यार्थ्यांना आठवड्यातून एकदा चांगल्या गोष्टी मोजायला सांगितलं आणि काहींना आठवड्यातून तीनदा, तर फायदा एकदावाल्यांना दिसला, तीनदावाल्यांना नाही. बहुतेक ते सवयीचं होऊन जातं, यंत्रासारखं लिहिलं जातं. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅक्कलो यांनी २००३ साली आठवड्यातून एकदा, दहा आठवडे, असाच प्रयोग केला होता, त्यात चांगल्या गोष्टी लिहिणाऱ्यांना कटकटी लिहिणाऱ्यांपेक्षा स्वतःचं आयुष्य बरं वाटत होतं, येणाऱ्या आठवड्याबद्दल जास्त आशा वाटत होती. म्हणून नवीन माणसाने दहा रविवार ठरवावेत. दहा झाले की मग बघा ठेवायचं की सोडायचं.

आठवडाच वाईट असेल तर

मागच्या वर्षी बाबा अकरा दिवस आयसीयूत होते. त्या रविवारी मी वही हॉस्पिटलच्या बाहेर पायरीवर बसून उघडली आणि पहिल्यांदा बंदच केली, तीन चांगल्या गोष्टी कसल्या लिहायच्या, मनाला लाज वाटत होती. मग अर्ध्या तासाने एकच ओळ लिहिली. "रात्रपाळीच्या सिस्टरने बाबांचे केस विंचरून दिले." कारण तिने विंचरले तेव्हा मी काचेतून बघत होते, तिला कोणी सांगितलं नव्हतं, ती त्यांच्याशी बोलत होती, "काका, उद्या मुलगी येणार ना, नीट दिसायला नको?" आणि बाबांचे डोळे बंद होते. त्या पानावर दुसरं काही नाही. बाबा घरी आले, आता बरे आहेत, ते पान मी अजून त्यांना दाखवलेलं नाही, पण त्या अकरा दिवसांचं माझ्याकडे जे काही धरून ठेवण्यासारखं आहे ते तेवढंच आहे.

म्हणून, वाईट आठवड्यात तीनचा आग्रह नको. एक लिहा. एकही नसेल तर सात ओळी लिहून वही मिटा.

आणि दोन-दोन आठवडे मन उचलतच नसेल, झोप-भूक गेली असेल, कशातच रस वाटत नसेल, जगावंसं वाटत नसेल, तर हे वहीचं काम नाही, कृपा करून मदत घ्या. टेली-मानस ही सरकारी हेल्पलाइन २०२२ पासून आहे, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, रात्री-अपरात्री पण लागतो, आणि मराठीत बोलता येतं. आपल्या ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णींनी १९९० मध्ये सुरू केलेली आयपीएच संस्था आहे, मनाच्या आजारांवर आणि एकूणच मनाच्या आरोग्यावर ते काम करतात. ताप आला की डॉक्टरकडे जातो तसंच आहे हे.

मुलांबरोबर करायचं असेल तर

वही नको, जेवताना बोला. "काय चांगलं झालं?" विचारलं तर उत्तर येतं "काही नाही," माझा मुलगा पाचवीत आहे, त्याचं तर हे ठरलेलं. प्रश्न बारीक करा. "या आठवड्यात सगळ्यात जास्त हसलास ते कधी?" "डबा कोणाबरोबर खाल्लास?" "कोणी तुला वाचवलं का?" शेवटच्या प्रश्नाला एकदा उत्तर आलं, "हो, मी गृहपाठ विसरलो होतो तर मित्राने मॅडमना दुसराच प्रश्न विचारून पिरियड संपवला." मी त्यावर काही बोलले नाही. आधी आपलं सांगा, मग मुलं सांगतात, आणि त्यांनी सांगितलेल्यावर लगेच उपदेश केलात तर पुढच्या रविवारी तोंड बंद.

रविवार चुकला तर

चुकणारच. लग्न असतं, गावाला जायचं असतं, गणपतीत तर दोन-दोन रविवार जातात. मागचं भरत बसू नका, चौदा दिवसांचे पुरावे शोधताना दमून जाल आणि परत वही उघडावीशी वाटणार नाही. गेला तो गेला. माझ्या वहीत अशी बरीच अंतरं आहेत, एकदा तर दिवाळीपासून संक्रांतीपर्यंत काहीच नाही. पुढच्या रविवारी पोहे झाले की नवीन पान उघडा, वर तारीख टाका, आणि फोनची गॅलरी सोमवारपासून बघायला सुरुवात करा.